फ्रिज उघडला की गाणं सुरू: 'पॉपस्टार' नक्की कुणाची टिंगल करतो?

साखरपेठकर (धागालेखक):

२०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात 'सैराट' सोडून दुसरा विषय नव्हता. एप्रिलअखेर तो लागला, आणि ३ जूनला तिकडं अमेरिकेत 'पॉपस्टार: नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग' नावाचा सिनेमा लागला. आपल्याला ते कळायचं कारणच नव्हतं. तिकडंही फारसं कुणाला कळलं नाही म्हणा. साधारण दोन कोटी डॉलर घातले, जगभरातून एक कोटीसुद्धा परत आले नाहीत. आपटलाच.

करणारे तिघं शाळेपासूनचे दोस्त: अँडी सॅमबर्ग, अकिवा शेफर आणि जोर्मा टॅकोन. 'द लोनली आयलंड' या नावानं विनोदी गाणी करत मोठे झालेले. लिहिला तिघांनी, दिग्दर्शन शेफर-टॅकोनचं, मुख्य भूमिकाही तिघांच्याच. सगळा सिनेमा एखाद्या गायकावर काढलेल्या माहितीपटाच्या ढंगात आहे.

गोष्ट कॉनर नावाच्या पोराची. 'स्टाइल बॉइज' हा तीन दोस्तांचा ग्रुप गाजतो, मग त्यातला कॉनर एकटा जास्त गाजतो आणि ग्रुप फुटतो. लॉरेन्सनं कॉनरसाठी लिहिलेल्या कडव्याला बक्षीस मिळतं, पण स्टेजवरून कॉनर त्याचं नावही घेत नाही. लॉरेन्स उठतो आणि शेती करायला जातो. तिसरा ओवेन. तो कॉनरचा डीजे म्हणून टिकतो, पण काम काय, तर आयपॉडचं बटण दाबायचं. कॉनरच्या दुसऱ्या अल्बमला शंभर निर्माते लावतात, तरी तो पडतो.

त्याच अल्बमसाठी केलेला एक करार म्हणजे माझ्या मते सिनेमाचा कळस आहे. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी होतात. तुम्ही फ्रिज उघडला, मायक्रोवेव्ह लावला की आतून कॉनरचं गाणं. अख्खा देश एकदम वाजायला लागतो आणि अख्ख्या देशाची लाइट जाते. लाइट जाण्याचं सोलापूरकराला काय कौतुक, पण गाण्यामुळं गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता तक्रार. अंधार पडल्यावर शिव्या बसतात त्या कॉनरला. करार ज्यांनी मांडला, ज्यांनी सह्या घेतल्या, शंभर निर्मात्यांचं बिल ज्यांनी मंजूर केलं, ते गंमतीदार माणसं म्हणून पडद्यावर येतात आणि सुखरूप निघून जातात. दीड तास आपण हसतो ते एका बिनडोक पोराला. त्याला बिनडोक ठेवण्यावर ज्यांची घरं चालतात, त्यांच्याकडं सिनेमा डोळे मोठे करून कधी बघतच नाही. मला हे खटकलं. बाकीच्यांना काय वाटतं?

विजापूरवेस:

+१ टाकून जाणार होतो, पण फ्रिजवर बोलल्याशिवाय राहवेना.

तुला तो सीन अतिशयोक्ती वाटला का? ९ सप्टेंबर २०१४ आठव. ॲपलनं नवीन आयफोन दाखवला आणि त्याच कार्यक्रमात यू-टू या आयरिश बँडचा नवा अल्बम जगातल्या जवळपास ५० कोटी आयट्यून्स खात्यांमध्ये परस्पर टाकून दिला. कुणी मागितला नव्हता. लोक इतके चिडले की आठवडाभरात अल्बम काढून टाकायची वेगळी सोय ॲपलला द्यावी लागली. नंतर बँडचा गायक बोनो यानं माफीपण मागितली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ ला, रॅपर जे-झीचा अल्बम. सॅमसंगनं दहा लाख प्रती प्रत्येकी पाच डॉलरला आधीच घेऊन टाकल्या आणि आपल्या फोनवाल्यांना फुकट वाटल्या. खपाच्या याद्या लावणाऱ्या बिलबोर्डनं त्या विक्रीत धरल्या नाहीत. पण प्लॅटिनमचा शिक्का देणाऱ्या संस्थेनं नियमच बदलला आणि शिक्का मारला. आणि सॅमसंग फ्रिजपण बनवते, हे जाता जाता सांगतो.

सिनेमावाल्यांनी फक्त फोनच्या जागी फ्रिज ठेवला.

कडकभाकरी:

इंग्रजी पिक्चरवर एवढा लांब धागा? चालू द्या. शेंगाचटणी घेऊन बसलोय.

बेंजोवाला_रव्या:

मला बाकी काय कळत नाही, पण त्या ओवेनचं बघून पोटात कालवलं बे.

मी आमच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. लग्नाच्या सीझनला सुपाऱ्या असतात, गणपतीला असायच्या. असायच्या म्हणतोय. आता मंडळवाले आधी विचारतात, बेस किती, टॉप किती, लेझर हाय का. वाजवणारे किती ते विचारत नाहीत. टेम्पोवर साउंडची भिंत रचायची, मागं जनरेटर, आणि वर एक पोरगा गॉगल घालून. त्याचं काम पेनड्राइव्ह लावायचं आणि मधून मधून हात वर करायचा. आम्ही आठजण घाम गाळून जेवढं घेतो त्याच्या कितीतरी पट त्या भिंतीचं भाडं.

त्या पोराला शिव्या देत नाही मी. त्यातला एक आमच्याकडंच ताशा वाजवायचा. चांगला हात होता. आता म्हणतो, 'रव्या, दाबायचं तर हाय, हात कशाला दुखवून घिऊ?' सिनेमातल्या ओवेनलापण तेच झालंय. त्याला वाजवता येतं, हे सगळे विसरलेत, आणि हळूहळू तोपण विसरायलाय. पुढं त्याच्या डोक्यावर ते लाइटवालं हेल्मेट चढवतात तेव्हा मी हसलो नाही. आमच्या इथं नुसतं हेल्मेट नाही, एवढाच फरक.

आणि 'सैराट'चं काढलंच आहे तर, अजय-अतुलनी त्याची गाणी हॉलिवूडला जाऊन तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली होती. त्यातली व्हायोलिनं आमच्या मिरवणुकीत कुणाला ऐकू आल्याचं मला आठवत नाही. फक्त छातीत धाड धाड.

हुतात्माबाग:

रव्या, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. साखरपेठकर, राग मानू नका.

या जातीच्या सिनेमांचा आजोबा म्हणजे १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप', रॉब रायनरचा. खोट्या रॉक बँडवरचा खोटा माहितीपट. त्यात गिटारवाला मोठ्या अभिमानानं दाखवतो की आमच्या ॲम्प्लिफायरची बटणं दहावर थांबत नाहीत, अकरापर्यंत जातात. मुलाखत घेणारा विचारतो, मग दहालाच जास्त मोठं का नाही करत? गिटारवाला विचारात पडतो आणि पुन्हा अकराच म्हणतो. आपल्याकडं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. मिरवणुकीच्या रात्री मंडळाच्या कार्यकर्त्याला ती सांगून बघा. अकराच म्हणेल.

त्याच सिनेमात स्टेजवर उभारायला भव्य दगडी कमान मागवतात, आणि कागदावर फुटाच्या जागी इंचाची खूण पडल्यामुळं अठरा इंचांची कमान येते. बरेच खरे रॉकवाले नंतर म्हणत राहिले की आमच्याकडंही असंच काहीतरी झालं होतं.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. 'स्पायनल टॅप'ही बँडलाच हसतो, कंपनीला कमी. पण तिथले लोक म्हातारे होत चाललेले, गाड्या बदलत गावोगाव फिरणारे, रिकाम्या हॉलमध्ये वाजवणारे. हसता हसता त्यांची कीव येते. कॉनर गडगंज आहे, त्यामुळं त्याची कीव यायला वेळ लागतो. तुम्हाला खटकलं ते कदाचित इथं असावं.

मीनल_जुळेसोलापूर:

मी धागालेखकाशी सहमत नाही. सिनेमा कंपनीला मोकळं सोडतो म्हणताय, मग कॉनरच्या पगारावरच्या लोकांचं काय? एक ठेंगणा माणूस फक्त फोटोत शेजारी उभं राहायला ठेवलाय, म्हणजे कॉनर उंच दिसतो. दुसरा त्याला अधूनमधून नको तिथं गुद्दा मारायला, म्हणजे तो जमिनीवर राहील. ही टिंगल एका पोराची नाही, त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्या सगळ्या दुकानाची आहे. 'मी किती नम्र आहे' असं छाती फुगवून गाणारं जे गाणं आहे त्यात, ते कॉनरला एकट्याला सुचलेलं वाटतं का? नम्रता विकली जाते हे कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं.

मुळात हा सिनेमा ज्यांची नक्कल करतो ते माहितीपट आठवा. २०११ ला जस्टिन बीबरचा 'नेव्हर से नेव्हर', २०१२ ला केटी पेरीचा, २०१३ ला वन डिरेक्शनचा. पडद्यामागचं सगळं दाखवतो म्हणतात आणि दिसतं काय, तर आजी रडतेय, चाहत्या रडतायत, घसा बसलाय, पण शो झालाच पाहिजे. बीबरच्या सिनेमाच्या निर्मात्यांत त्याचा मॅनेजर स्कूटर ब्रॉन होता आणि त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा एल. ए. रीडही. म्हणजे मुलीकडच्यांनीच मुलीचं वर्णन लिहिलं! 'पॉपस्टार' बघताना हे माहीत असलं की प्रत्येक फ्रेमला हसू येतं.

साखरपेठकर:

मीनलताई, तुमचाच मुद्दा धरून पुढं जातो. बीबरच्या त्या सिनेमाला खर्च आला साधारण एक कोटी तीस लाख डॉलर आणि कमाई जवळपास नऊ कोटी नव्वद लाख. त्याची टिंगल करणाऱ्या 'पॉपस्टार'ची सगळी कमाई त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जाहिरात लोकांनी तिकीट काढून पाहिली. जाहिरातीला हसायला आले नाहीत.

म्हणून तर मी म्हणतोय, मॅनेजरला जरा कडू दाखवायला हवं होतं. टिम मेडोजनं केलेला हॅरी इतका गोड माणूस आहे की तो आपला चुलता असावा असं वाटतं. पगारावरची माणसं दाखवलीत हे खरं. पण ती नोकर माणसं आहेत ताई. गुद्दा मारणाऱ्याला कॉनरच्या पडण्यानं नुकसान होतं, कारण त्याचा पगार जातो. कॉनर पडला तरी ज्याचं नुकसान होत नाही, असा माणूस मला बघायचा होता. उद्या दुसरा पोरगा उभा करणारा.

विजापूरवेस:

तो आहे की. हंटर नावाचा रॅपर कॉनरच्या आधी वाजवायला आणतात ना? तिकिटं खपत नाहीत म्हणून. तो बघता बघता कॉनरपेक्षा मोठा होतो, वर कॉनरचा झटपट कपडे बदलायचा खेळ बिघडवून त्याला भर स्टेजवर उघडा पाडतो. माणूस नाही दाखवला, पण दुसरा पोरगा दाखवलाय.

साखरपेठकर:

हे मात्र बरोबर. तरी हंटरला आणून बसवणारा हात दिसत नाही, यावर मी ठाम.

काळीमारुती_लायब्ररी:

धागा वाचतेय. थोडं कायद्याचं, कारण लॉरेन्सबद्दल कुणीच बोलेना.

आपल्याकडं २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी ती लावून धरली. त्याआधी गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून द्यायचे आणि पुढं गाणं कितीही वाजलं तरी हात बांधून बसायचे. दुरुस्तीनंतर थिएटरबाहेर गाणं जिथं जिथं वाजेल तिथल्या रॉयल्टीत त्यांचा निम्मा वाटा राहतो, आणि तो त्यांना स्वतःहूनही लिहून देता येत नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. गरजू माणसाकडून सही घेणं सोपं असतं, म्हणून सही घेतली तरी तिला अर्थ राहू नये अशी तरतूद.

कागदावर लॉरेन्सची बाजू इथं बळकट आहे. प्रत्यक्षात? आमच्या नात्यातल्या एका मुलानं मंडळाचं गाणं लिहून दिलं. करार म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा. गाणं चाललं, यूट्यूबवर खाली गायकाचं नाव, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव, ड्रोनवाल्याचं नाव, अध्यक्षांचा फोटो. ह्याचं नाव नाही. दाद मागायची तर आधी हे आपण लिहिलं हे सिद्ध करायचं, आणि ते त्यानं वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं. त्याची आई म्हणाली, जाऊ दे, मंडळातलीच पोरं आहेत. तो शेती करायला गेला नाही, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो.

म्हणून मला तो कडव्याचा प्रसंग सगळ्या सिनेमात सर्वात खरा वाटला. बाकी लांडगे बिंडगे ठीक.

कडकभाकरी:

लांडगे??

मीनल_जुळेसोलापूर:

कॉनर लग्नाची मागणी घालतो तेव्हा वातावरणनिर्मितीला पाळीव लांडगे आणलेले असतात आणि गाणं म्हणायला सील हा खरा गायक. पुढचं बघूनच घ्या.

शाहीर_बाळीवेस:

सगळे अमेरिकेला जाऊन आले, आता घरी या. सोलापूरनं पॉपस्टार दिलाय की नाही? दिलाय. शाहीर राम जोशी, १७६२ चा जन्म. वेदशास्त्राच्या घरातला पोरगा तमाशाच्या नादी लागला, थोरल्या भावानं घराबाहेर काढला. मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला आणि परत येऊन लावण्या अशा रचल्या की दुसऱ्या बाजीरावापर्यंत नाव गेलं. घरच्यांनी टाकलं, लोकांनी उचललं, दरबारानं बिदागी दिली, आणि पैसा आला तसा गेला. कॉनरची गोष्ट यापेक्षा काय वेगळी हो? फक्त राम जोशी स्वतः लिहायचा. कडवं उसनं घेत नव्हता.

व्ही. शांताराम यांनी १९४७ ला त्याच्यावर सिनेमा काढला होता. तो मात्र टिंगल करणारा नाही.

साखरपेठकरांना एवढंच सांगतो: दरबार काय आणि कंपनी काय, पैसे देणाऱ्याची टिंगल त्याच्याच पैशात करता येत नाही. 'पॉपस्टार' कुणाच्या पैशात निघाला? युनिव्हर्सलच्या. आणि यू-टूचा तो फुकट वाटलेला अल्बम कुठल्या रेकॉर्ड कंपनीनं काढला होता? तिचंही नाव युनिव्हर्सलच. स्टुडिओ आणि रेकॉर्ड कंपनी एका मालकाकडून वेगळ्या झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, तरी पाटी अजून एकच.

साखरपेठकर:

शाहीर, दंडवत. माझ्या तक्रारीचं उत्तर मला सिनेमाच्या पटकथेत नाही, पोस्टरच्या तळाच्या बारीक अक्षरांत सापडायला हवं होतं. तक्रार तशीच आहे, फक्त आता ती दिग्दर्शकांवर नाही.

विजापूरवेस:

शाहीर, थोडा फाटा. पैसे देणाऱ्याची टिंगल होते, पण उशिरा. मिली व्हॅनिली ही गायकांची जोडी आठवा. फ्रँक फारियन नावाच्या जर्मन निर्मात्यानं गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेतली आणि दोन देखणी पोरं पुढं उभी केली. फेब्रुवारी १९९० ला ग्रॅमी मिळालं, नोव्हेंबरला काढून घेतलं. तेव्हा शिव्या कुणाला? त्या दोघांना. फारियन पुढं धंदा करतच राहिला. आता कुठं माहितीपट निघतात आणि लोक म्हणतात, अरे, चोर तर तो होता.

बेंजोवाला_रव्या:

ह्याचा मराठीत पिक्चर काढा की कुणीतरी. स्टोरी तयारच हाय. साखर पेठेतला पोरगा, मंडळाच्या गाण्यावर रील टाकतो, तुफान चालतं. मग दुकानाच्या उद्घाटनाला, वाढदिवसाला, दहीहंडीला बोलावणी. गाणं लिहिणारा दोस्त टॉवेल कारखान्यात. आणि फ्रिजच्या जागी चादर. चादर झटकली की गाणं वाजणार.

मीनल_जुळेसोलापूर:

चादर!! चहा सांडला माझा.

क्लायमॅक्स गड्ड्याच्या यात्रेत घ्या. होम मैदानावर पाळणे चालू, सगळ्या स्टॉलवर चादरी झटकतायत, आणि लाइट जाते.

हुतात्माबाग:

लोकांना वाटेल नेहमीचं लोडशेडिंग. कुणी गायकाला दोषच देणार नाही. कथानक तिथंच कोसळेल.

काळीमारुती_लायब्ररी:

मॅनेजर मात्र साखरपेठकरांच्या मनासारखा करा. आणि गाणी लिहिणाऱ्याचं नाव पोस्टरवर, मोठ्या अक्षरात.

शाहीर_बाळीवेस:

निर्माता मिळाला तर पहिली सूचना काय येईल सांगू? 'कथा उत्तम आहे, फक्त पोरगा पुण्याचा करा आणि ते बे-बे काढून टाका.'

बेंजोवाला_रव्या:

मग आपण फ्रिजवाल्याकडं जाऊ बे. त्याला भाषेचं काय पडलेलं नसतंय.